न ठेवलेली फाईल

मी, रीता मधुकर येरणे, वय ६१ वर्षे, धंदा शिक्षिका (सेवानिवृत्त, विषय इंग्रजी), राहणार राईस मिलच्या मागे, डोंगरपेठ, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, आज शनिवार दि. ११ मार्च २००६ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारले त्याचे उत्तर देते आणि जे विचारले नाही तेही सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पती मधुकर येरणे हे गणिताचे शिक्षक होते. ते हयात नाहीत. माझे शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये, बोर्डिंगला राहून झाले. मला मराठी, हिंदी व इंग्रजी लिहिता-वाचता येते. हा जबाब हवालदार इस्तारी मांदाडे लिहून घेत आहेत. ते माझे माजी विद्यार्थी आहेत. त्यांचे अक्षर तेव्हाही चांगले होते.

कु. सुकरी वड्डे, वय १६, मूळ राहणार भामरागडच्या पलीकडचे गाव, हल्ली राहणार येथील मुलींचे वसतिगृह, ही दहावीची विद्यार्थिनी आहे. ती माझी नातेवाईक नाही. तिला मी दोन वर्षांपासून इंग्रजी शिकवते. रविवारी ती माझ्याकडे जेवायला असते. पावसाळ्यात तिच्या गावाचा रस्ता बंद झाला की सुट्टीतही माझ्याकडेच असते. तरी नातेवाईक नाही, अशी नोंद करावी.

गुरुवारी दहावीचा इंग्रजीचा पेपर झाला. पेपर सुटल्यावर केंद्राच्या व्हरांड्यात ठेवलेल्या पिशव्या तपासताना सुकरीच्या पिशवीत केंद्रसंचालक श्री. कोतपल्लीवार यांना एक छापील प्रश्नपत्रिका सापडली. तिच्यावर परीक्षेचे नाव, बैठक क्रमांकाचा चौकोन, वेळ, गुण, सूचना असे सगळे खऱ्यासारखे होते. तिच्यातले काही प्रश्न त्याच दिवशीच्या खऱ्या पेपरात आले होते. "हे तुला कधी मिळाले?" असे त्यांनी विचारले. "पेपरच्या आधी," असे सुकरीने सांगितले. "कुठून?" "कॉम्प्युटरमधून." दोन्ही उत्तरे खरी आहेत. तीच प्रश्नपत्रिका वसतिगृहातल्या इतर मुलींकडेही निघाली. त्यांनी काही माहीत नाही असे सांगितले, म्हणून त्या आज वसतिगृहात अभ्यास करत आहेत. सुकरी ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर आहे.

सोमवारी बीजगणिताचा पेपर आहे. पोलिसांचे पत्र असल्याशिवाय सुकरीला आत घेणार नाही, असे केंद्रसंचालकांनी सांगितले आहे. पत्र मिळाले नाही तर तिचे वर्ष गेले. तिच्या गावात वर्ष गेलेल्या मुलीला परत शाळेत पाठवत नाहीत. मी आज त्यासाठी आले आहे. माझे स्वतःचे जे व्हायचे ते पुढे होत राहील.

काल शुक्रवारी ठाण्याचे उपनिरीक्षक बोरकुटे साहेब माझ्या घरी आले व त्यांनी माझा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि फोनला जोडायचा मॉडेम पंचांसमक्ष जप्त केला. कॉम्प्युटरवरचे क्रोशाचे झाकणही पंचनाम्यात आहे. ते परत मिळावे. बाजारातला सायबर कॅफे सील झाला असून त्याचा चालक निकेश गुरनुले याला ठाण्यात बसवून ठेवले आहे.

सापडलेली प्रश्नपत्रिका माझ्या वेबसाईटवरून डाउनलोड केलेली आहे. ती मीच बनवली. किंवा असे लिहा, की ती बनवणारा प्रोग्राम मी बनवला. मी हे कालच कबूल केले आहे आणि ते गुन्ह्याची कबुली म्हणून केलेले नाही. परंतु साहेबांना ती फाईल माझ्या कॉम्प्युटरमध्ये सापडली नाही, म्हणून मी पुरावा नष्ट केल्याचा संशय आहे. त्याबाबत आज ठाण्यात आमचे बोलणे झाले ते जसे झाले तसेच लिहावे, असा माझा आग्रह आहे.

साहेब म्हणाले, "बाई, डिलीट केली ना तुमी फाईल? सांगून टाका. तुमच्या वयाचा विचार करू आमी."

मी म्हणाले, "जी कधी ठेवलीच नाही ती पुसू कशी?"

"मंग पोरीकडे आली कुठून?"

"वेबसाईटच्या पानावर बटण आहे. ते दाबले की सर्व्हरवरचा प्रोग्राम साठ्यातून प्रश्न निवडतो, त्यांची प्रश्नपत्रिका तिथल्या तिथे तयार करतो आणि मागणाऱ्याकडे पाठवून देतो. पाठवली की संपले. माझ्याकडे राहत नाही, सर्व्हरवरही राहत नाही."

"असं कसं? छापलेला कागद हाय माह्या हातात. मूळ प्रत कुठी ना कुठी असनच!"

इथे हवालदार मांदाडे म्हणाले, "साहेब, भजेवाल्यासारखं असन ते. गिऱ्हाईक आलं की कढईत सोडते. आधीपासून परातीत नाई राहात."

"कढई कुठी हाय मंग?" असे साहेबांनी विचारले.

"अमेरिकेत," मी म्हणाले. "सर्व्हरची जागा तिथे भाड्याने घेतली आहे."

"अन् गिऱ्हाईक डोंगरपेठले?"

"होय."

"अमेरिकेवरून येईपर्यंत थंडे नाई होत का भजे?" असे महिला शिपाई दामिनी म्हणाल्या. साहेबांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितले. मांदाडेंना, "हे नको लिहू," असे सांगितले. मी लिहा म्हटले. माझा जबाब आहे.

पान का केले, तेही सांगते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट इंग्रजी शिकवत. परीक्षेच्या आधी दर शुक्रवारी त्या सायक्लोस्टाईल मशिनवर सराव पेपर काढत आणि प्रत्येकीला वेगळा देत. शेजारणीच्या वहीत पाहून उपयोग नसे. एवढी स्टेन्सिल त्या कधी कापत कोण जाणे. त्यांच्या बोटांना कायम शाई असायची आणि कागदाला तिचा वास यायचा. खरा पेपर हातात आला की तो आम्हाला ओळखीचा वाटायचा. मी शिक्षिका झाल्यावर तसे करायचे ठरवले होते. मला नोकरीत ते कधी जमले नाही.

सेवानिवृत्तीनंतर मी आश्रमशाळांमध्ये शिकवायला जात असे. मुलांना इंग्रजी येते, पण छापील प्रश्नपत्रिका समोर आली की ती गारठतात, असे मी पाहिले. सुकरीने मला पहिल्या वर्षी सांगितले होते, "बाई, कागद पाहूनच हात कापते." म्हणून मी माझी प्रश्नपत्रिका मुद्दाम हुबेहूब खऱ्यासारखी केली. चौकोन, सूचना, उजवीकडे गुण, सगळे. फाईल उतरताना तिचे नावही "एसएससी इंग्लिश मार्च २००६" असे पडेल, अशी व्यवस्था केली. हे नाव मी दिलेले आहे, निकेशने नाही. ती फाईल कॅफेच्या कॉम्प्युटरवर पाहून साहेबांना पेपर फुटल्यासारखे वाटले. मुलांना मात्र खऱ्या पेपराची भीती वाटू नये म्हणून ते नाव होते.

प्रोग्राम मी पीएचपी नावाच्या भाषेत लिहिला. ती मी क्लासला जाऊन शिकले. क्लासमध्ये मी सगळ्यांची आजी होते आणि मला पहिल्या रांगेत खुर्ची होती. अशा कामात फाईल पाठवण्याच्या आधी सर्व्हरने दोन-तीन ओळी पाठवायच्या असतात. पुढे जे येते ते पडद्यावर वाचायचे पान नसून जपून ठेवायची फाईल आहे, आणि तिचे नाव हे आहे, असे त्या ओळी समोरच्या कॉम्प्युटरला सांगतात. सुरुवातीला माझ्या प्रोग्रामच्या वर एक रिकामी ओळ राहून गेली होती. तेवढ्याने त्या ओळी पोहोचत नव्हत्या आणि सबंध प्रश्नपत्रिका चिन्हांचा कचरा होऊन पडद्यावर सांडत होती. ती रिकामी ओळ शोधायला मला पुष्कळ दिवस लागले. ज्या दिवशी सापडली त्या दिवशी घरात सांगायला कोणी नव्हते, म्हणून मी निकेशच्या कॅफेत जाऊन त्याला सांगितले.

इंग्रजीचे प्रश्न मी चाळीस वर्षांच्या शिकवण्यातून जमवले. जत्रेवर निबंध, मैत्रिणीला सहलीचे पत्र, हे विषय परीक्षांमध्ये फिरून फिरून येतातच. कोणत्याही शिक्षकाला विचारावे. असे काही प्रश्न जुळले तर मी पेपर फोडला असे होत नाही. मी शिकवले असे होते.

यावर साहेबांनी जो प्रश्न विचारला तो बरोबर होता. ते म्हणाले, "बाई, तुमी म्हणता दरवेळी नवा पेपर येते. मंग वसतिगृहातल्या साऱ्या पोरींकडे एकच पेपर काऊन? प्रत्येक पोरगी येगळ्या दिवशी कॅफेत गेली, प्रत्येकीनं बटण दाबलं. अक्षरानं अक्षर तेच. आपोआप नाई होत असं. कोणीतरी एकच कागद वाटला."

सुकरीने त्याआधी, आपण स्वतः बटण दाबले, असे सांगितले होते. मी तिच्यावर विश्वास ठेवते. मी पाणी मागितले. दामिनी यांनी आणून दिले.

तेव्हा साहेब खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "ऐका माह्यं. निकेशनं कुठून तरी पेपर आणला, तुमच्या साइटचं नाव सांगून पोरींना वाटला. तुमाले काईच माईत नाई. एवढं लिहून द्या. पोरगी साक्षीदार होते, सोमवारी पेपर देते. तुमी आपला कॉम्प्युटर घेऊन घरी जा."

निकेश भिंतीला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

मी म्हणाले, "साहेब, असे लिहून देणार नाही. मुलीला सोडवायला दुसऱ्याचा मुलगा देऊ का? तुम्ही माझे यंत्र जप्त केले आहे, ते तुमच्याच टेबलावर आहे. ठाण्याच्या फोनची वायर काढून माझ्या मॉडेमला लावा आणि तुम्ही स्वतः बटण दाबा."

"ठाण्याचा फोन बंद ठेवू?"

"माझी विद्यार्थिनी बाकावर बसवून ठेवता तर फोन थोडा वेळ बंद ठेवायला काय हरकत आहे?"

साहेबांनी वायर लावण्यास परवानगी दिली. पंच म्हणून राईस मिलचे पत्रू निकोडे व कापड दुकानदार लहानू चिताडे यांना बोलावले. लाईन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा लागली. साहेबांनी बटण दाबले व फाईल उतरली. ती छापली. पुन्हा दाबले, दुसरी उतरली. ती पहिलीसारखी नव्हती. तिसरी त्या दोन्हींसारखी नव्हती. साहेबांनी पत्रू निकोडे यांना दाबायला सांगितले. त्यांनी बोट धोतराला पुसून दाबले. चौथीही वेगळीच आली. या सगळ्या प्रती जबाबासोबत आहेत. तिसऱ्या प्रतीत जत्रेवरचा निबंध आहे, जो गुरुवारच्या खऱ्या पेपरातही होता. गुरुवारचा पेपर होऊन गेला आहे. मी विचारले, "हा पेपर तुम्ही आज ठाण्यातून फोडला, असे लिहू का?" साहेबांनी ती प्रत बाकीच्या प्रतींवर ठेवली.

मधल्या वेळात चंद्रपूरहून वरिष्ठांचा फोन येत होता व लागत नव्हता. शेवटी त्यांनी साहेबांच्या मोबाईलवर फोन केला. ठाण्याचा फोन एंगेज का, असे विचारल्याचे पलीकडून ऐकू येत होते. साहेब म्हणाले, "परीक्षा घेऊन राह्यलो सर." ते घाईत तसे बोलले असावेत.

त्यानंतर आम्ही सगळे सीलबंद कॅफेत गेलो. सील पंचांसमक्ष काढले. पाच कॉम्प्युटर आहेत, फोन एक. साहेबांनी पहिल्या कॉम्प्युटरवर बटण दाबले. सुकरीच्या पिशवीत सापडली ती प्रश्नपत्रिका उतरली. दुसऱ्यावर दाबले. तीच. तिसऱ्यावर तीच. लहानू चिताडे म्हणाले, "हे तं भूतच हाय."

मी निकेशला विचारले, "हे तुझ्याकडेच असे का होते?"

तो पहिल्यांदा बोलला. "बाई, इथली लाईन तुमाले माईत हाय. एक पान उतरायले चहा पिऊन होते. मी मेन मशीनवर असं लावून ठेवलं का कोणी एखादी चीज एकदा मांगवली का ते ठेवून घ्यायची. दुसऱ्यानं तेच मांगितलं तं बाहेर जायचंच नाई, घरातलंच द्यायचं. साऱ्या कॅफेवाल्यायचं असंच हाय. नाई तं पोरींना एका पेपरासाठी अर्धा दिवस बसवून ठेवू का?"

म्हणजे एकीने सर्वांत आधी बटण दाबले तेव्हा प्रश्नपत्रिका खरोखर नवी तयार होऊन आली. त्यानंतर दाबणाऱ्या प्रत्येकीला निकेशच्या मशीनने तीच ठेवलेली प्रत दिली. त्यांच्यापैकी कोणाची विनंती सर्व्हरपर्यंत गेलीच नाही. मुली खरे बोलत होत्या आणि निकेशही खरे बोलत होता. प्रत्येकीने बटण दाबले होते.

फाईलच्या आधी पाठवायच्या ज्या ओळी मी वर सांगितल्या, त्यांत आणखी एक घालता येते. ही वस्तू साठवू नका, दरवेळी नव्याने मागा, असे सांगणारी. ती मी घातली नव्हती. माझ्या घरी मी एकटी बटण दाबते आणि मला दरवेळी नवी येते, त्यामुळे तिची गरज मला कळली नाही. ती ओळ मी ठाण्यात परत येऊन, जप्त कॉम्प्युटरवर, साहेबांच्या परवानगीने लिहिली व सर्व्हरवर चढवली. निकेशने आपल्या मशीनवरची ठेवलेली प्रत पुसली. त्यानंतर कॅफेतल्या पाचही कॉम्प्युटरवर पाच वेगळ्या प्रश्नपत्रिका उतरल्या. मांदाडे यांनी त्या एकमेकींवर धरून पाहिल्या. त्यांची सही आहे.

निकेशने ठेवून घेतले ते पोरींचा वेळ वाचावा म्हणून. यात त्याच्यावर गुन्हा होत असेल तर माझ्यावरही करावा, एकट्यावर करू नये.

साहेबांनी शेवटी तीन गोष्टी विचारल्या. पहिली, चौकशी होईपर्यंत मी वेबसाईट बंद ठेवणार का? नाही. सोमवारी बीजगणित आहे, नंतर भूमिती, विज्ञान आहे. पानावर त्यांचीही बटणे आहेत. एटापल्लीला, सिरोंच्याला, जिथे जिथे एक कॉम्प्युटर आणि एक फोन आहे तिथे कोणीतरी आज बटण दाबणार आहे. मला अटक केली तरी पान चालू राहील. ते इथे नाही.

दुसरी, आजवर कोणी कोणी डाउनलोड केले ती नावे मी देणार का? मी नावे घेत नाही. पानावर नाव विचारण्याची जागाच नाही. सर्व्हर जे काही आपोआप नोंदवत असेल ते मी पाहिलेले नाही आणि पाहून सांगणार नाही. अभ्यास करणाऱ्या मुलांची यादी पोलीस ठाण्यात कशाला हवी?

तिसरी, यापुढे प्रश्नपत्रिका खऱ्यासारखी दिसू नये, वर मोठ्या अक्षरात "सराव" असे छापावे, हे मान्य आहे का? हे मान्य नाही. तळाशी बारीक अक्षरात छापीन. सोमवारी सकाळी मुलाच्या हातात जो कागद पडतो त्याच्यावर "सराव" असे लिहिलेले नसते.

पत्र देण्याबाबत, जबाब पूर्ण झाल्यावर पाहतो, असे साहेबांनी सांगितले आहे. त्यामुळे मी थांबले आहे. वायर अजून मॉडेमला होती म्हणून मी बीजगणिताचे बटण दाबले. ते प्रश्न माझ्या पतींनी केलेले आहेत. त्यांत प्रोग्राम आकडेही दरवेळी बदलतो. प्रश्न त्यांचाच असतो आणि उत्तर नवे काढावे लागते. असे त्यांचे प्रश्न रोज कुठे ना कुठे उतरतात. उतरलेली प्रश्नपत्रिका मी जप्त प्रिंटरवर छापली, त्याबद्दल कागदाचा एक ताव भरून देईन. ती दामिनी यांनी सुकरीला नेऊन दिली. त्यांनी तिला पेन आणि कागदाखाली आधाराला जुना फायलींचा पुठ्ठाही दिला. सुकरी ती व्हरांड्यात बाकावर सोडवत आहे. इथून मला तिची पाठ दिसते. हात कापत नाही.

हा जबाब मांदाडे यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. मी बोलले ते यात आहे. भज्यांचे वाक्य काढू नये. वाचन चालू असताना व्हरांड्यातून सुकरीने, "बाई, चवथं नाई सुटून राह्यलं," असे म्हटले. मी, "दोन्ही बाजूंनी तेवढेच वजा कर," असे इथूनच सांगितले. थोड्या वेळाने ती, "आलं, आलं," म्हणाली. ते जबाबात लिहायचे नव्हते, मांदाडे यांनी लिहिले आहे. असू द्यावे. बरोबर आहे, म्हणून सही करते.

(सही)
रीता मधुकर येरणे

समक्ष : इस्तारी मांदाडे, हवालदार